ब्रॉयलर कोंबड्यांचं खाद्य घरी मिसळताय? आधी मिठाचा हिशोब

कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर खाद्य तयारच येतं. त्यांनी हे सोडून द्यावं. गोकाक-बैलहोंगलकडचा मका आणि सोयापेंड आणून स्वतः मिक्सर चालवणाऱ्यांसाठी हे आहे.

पहिलं पाणी. पिल्लं बुक करायच्या आधी बोअरचं पाणी तपासायला द्या. रिपोर्टात सोडियम आणि क्लोराईड दोन्ही मागून घ्या, नुसत्या टीडीएसने (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या आकड्याने) काही कळत नाही. पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो. लिटरमागे 500 मिलिग्रॅम सोडियम निघालं, तर टनभर खाद्यामागे अडीच किलो मीठ पाण्यातूनच गेलं असं समजा. आणि आपण वर नेहमीचं 3 किलो ओततोच!

काटा, मिक्सर, ताडपत्री असेलच. ग्रॅमवर चालणारा छोटा काटा मात्र वेगळा घ्या.

स्टार्टरला (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याला) फायटेज, म्हणजे धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम, घालणार असाल तर टनाला 15 किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि 12-13 किलो मार्बल पावडर (कॅल्शियमसाठीची दगडाची भुकटी) या अंदाजाने कॅल्शियम 0.9 टक्क्यांच्या पुढेमागे येतं. मार्बल स्वस्त म्हणून हात सैल सोडू नका. जादा कॅल्शियम आतड्यात फायटेटला (धान्यातल्या फॉस्फरसच्या संयुगाला) धरून जस्त, मँगनीज आणि फॉस्फरस अडकवतं. प्रीमिक्समधून (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार पाकिटातून) खाद्यात 100 पीपीएम, म्हणजे टनाला 100 ग्रॅम, मँगनीज जात असूनही मग घोटा सुजतो, नस घसरते, पाय बाहेर वळतो. दुकानदार सांगेल, प्रीमिक्स दुप्पट करा. करू नका, त्याच पाकिटात सेलेनियम असतं आणि त्याची खाद्यातली गरज जेमतेम 0.3 पीपीएम. आधी मार्बल मोजा.

सुकी मासळी घालताय? परत मीठ. खारवलेल्या मासळीत 10 टक्के मीठ असेल आणि टनाला 50 किलो मासळी पडली, तर 5 किलो मीठ झालं. वरून चिमूटभरही नको. मासळीचं पोतं बदललं की पुन्हा तपासा, दर पोत्याचं मीठ वेगळं.

हे चुकून मीठ जास्त झालं तर पक्षी पाण्यावर तुटून पडतात, विष्ठा पातळ होते. शेडमधलं तूस मुठीत आवळून सोडा. गोळा तसाच राहिला तर तूस ओलं आहे. पुढे अमोनिया, तळपायाला फोड, लहान पिल्लांच्या पोटात पाणी. लोक मात्र हगवण समजून अँटिबायोटिक चालू करतात आणि मीठ तसंच चालू राहतं.

मिसळताना 500 ग्रॅम प्रीमिक्स सरळ टनात टाकू नका. आधी 10 किलो मक्याच्या भरड्यात हाताने मिसळा, मग निम्मा मका मिक्सरमध्ये गेल्यावर घाला. कोलीन क्लोराईड (वेगळं मिळणारं पोषक पूरक) ओल धरतं आणि जीवनसत्त्वं मारतं, ते शेवटी आणि वेगळं. खानापूरकडच्या पावसात पाकीट फोडलं की संपवा, नाहीतर गाठी होतात. पोती फळीवर, भिंतीपासून दूर.

फिनिशरला (विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्याला) डीसीपी आणि मार्बल दोन्ही कमी. प्रीमिक्स चालूच.

अथणीकडच्या उन्हाळ्यात खायचा सोडा टनाला 1-2 किलो चालतो, पण त्यातही सोडियम आहे: 2 किलो सोडा घातला तर साधारण 1.4 किलो मिठाइतकं. इलेक्ट्रोलाइट पावडरीचंही तेच, पाकिटावर सोडियम बघा आणि मिठातून वजा करा. नवीन बोअर मारली तर पाणी पुन्हा तपासायला द्या.