वैद्यकीय नीतीवरचा शालेय प्रकल्प: प्रसंग निवडण्यापासून स्वतःचे ध्येय लिहिण्यापर्यंत

वैद्यकीय नीतीवर प्रकल्प करायचे ठरले की आपण विद्यार्थी बहुधा आधी शीर्षक लिहितो: ‘दयामरण: योग्य की अयोग्य’, ‘अवयवदान: काळाची गरज’, ‘क्लोनिंग: शाप की वरदान’. अशा शीर्षकाखाली दोन्ही बाजूंचे मुद्दे जमवले आणि शेवटी प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असे लिहिले की वही भरते, पण लिहिणाऱ्याला स्वतः काहीच ठरवावे लागत नाही. या विषयाचा गाभा मात्र ठरवण्यातच आहे. रुग्णासमोर उभ्या असलेल्या माणसाला मर्यादित वेळेत, अपुऱ्या माहितीवर एक निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचे कारण त्या रुग्णाला सांगता यावे लागते. शाळेत असे प्रकल्प केलेली आणि पुढे आरोग्यक्षेत्रात काम करण्याची इच्छा असलेली एक विद्यार्थिनी म्हणून माझा पहिला सल्ला असा, की विषयाऐवजी एखादा प्रत्यक्ष घडलेला निर्णय निवडावा.

प्रसंग कसा निवडावा

कोणी, केव्हा, कोणती माहिती हाताशी असताना आणि कोणाच्या बाबतीत काय ठरवले, हे चार-पाच वाक्यांत सांगता येत असेल तर तो प्रसंग प्रकल्पाला योग्य समजावा. मला सर्वांत उपयोगी वाटलेला प्रसंग अमेरिकेतील सिॲटल शहरातला आहे. १९६० मध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेफ्लॉनच्या नळ्यांचा एक शंट, म्हणजे रक्तवाहिन्यांना कायम जोडून ठेवायचा मार्ग, तयार केला. तोपर्यंत प्रत्येक डायलिसिसच्या, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या, वेळी रक्तवाहिनीत नव्याने छेद घ्यावा लागत असे, त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत अशा रुग्णांवर हा उपचार दीर्घकाळ करता येत नव्हता. हातात बसवून ठेवलेल्या शंटमुळे तो वर्षानुवर्षे करणे शक्य झाले. १९६२ मध्ये तेथे डायलिसिसचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले, पण यंत्रे मोजकी आणि गरजू रुग्ण कितीतरी अधिक अशी स्थिती होती. म्हणून डॉक्टरांनी वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरवलेल्या रुग्णांपैकी यंत्र कोणाला द्यावे, हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती नेमण्यात आली. तिच्यात एक शल्यचिकित्सक होता. बाकीचे वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी असे नागरिक होते आणि सर्वांची नावे गुप्त ठेवलेली होती. वय, विवाह, अवलंबून असलेली माणसे, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, मानसिक स्थैर्य, आजवरची कामगिरी आणि पुढील आयुष्यातील शक्यता अशा बाबी समितीपुढे असत. त्याच वर्षी एका साप्ताहिकातील लेखाने ही पद्धत लोकांसमोर आणली आणि तिच्यावर मोठा वाद झाला. पुढे १९७२ मध्ये कायदा बदलून मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक अमेरिकी रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च मेडिकेअर या सरकारी योजनेत घेण्यात आला.

हा प्रसंग वहीत उतरवून थांबू नये. तो वर्गात करून पाहावा. पाच काल्पनिक रुग्णांची कार्डे तयार करावीत आणि प्रत्येकावर वय, व्यवसाय, कुटुंब आणि आजाराची अवस्था लिहावी. यंत्रे दोनच आहेत असे सांगून प्रत्येक वर्गमित्राला दोन नावे निवडण्यास आणि निवडीचे कारण एका वाक्यात लिहून देण्यास सांगावे. दुसऱ्या फेरीत तीच कार्डे द्यावीत, मात्र वैद्यकीय माहितीखेरीज बाकी सर्व काढून टाकावे. कोणाची निवड बदलली आणि पहिल्या फेरीतील कोणते कारण दुसऱ्या फेरीत नाहीसे झाले, हे पाहणे म्हणजेच या प्रकल्पाचे निरीक्षण होय. ‘हा माणूस समाजाला अधिक उपयोगी आहे’ अशा अर्थाची कारणे शोधून ती वेगळी मांडावीत, कारण तेथे उपचाराची गरज मागे पडून माणसाची किंमत ठरवली जात असते आणि ठरवणारा बहुधा स्वतःसारख्याच माणसाला अधिक किंमत देतो.

यानंतर स्वतःचे मत लिहावे, आणि ते टाळू नये. माझे मत असे आहे, की वैद्यकीयदृष्ट्या सारख्याच गरजू असलेल्या रुग्णांत चिठ्ठी टाकून निवड करणे अधिक न्याय्य आहे, कारण चिठ्ठी कोणाचेही आयुष्य दुसऱ्यापेक्षा हलके ठरवत नाही. या मतावर एक गंभीर आक्षेप आहे: लहान मुले असलेल्या आईला आणि पाठीमागे कोणीही नसलेल्या माणसाला एकाच चिठ्ठीत टाकणे त्या मुलांवर अन्याय नाही का? या आक्षेपाचे वजन मला मान्य आहे. तरीही एकटे असणे हे उपचार नाकारण्याचे कारण होऊ शकते, हे मला पटत नाही. तुमचे मत याच्या उलट असू शकेल. कसोटी एवढीच ठेवावी, की विरुद्ध बाजू अशा शब्दांत लिहावी की ती मानणाऱ्या माणसाने वाचून ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे.

तथ्ये तपासताना

नीतीच्या प्रकल्पात मत महत्त्वाचे, तथ्ये दुय्यम, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे, आणि टस्कीगी येथील अभ्यासाचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ या काळात अलाबामा राज्यात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा (सिफिलिसचा) अभ्यास केला. त्यांपैकी ३९९ जणांना हा रोग होता आणि २०१ जणांना नव्हता. या पुरुषांना मुद्दाम रोगाची लागण केली गेली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले सापडते, पण तसे घडलेले नाही. ज्या ३९९ जणांना रोग होता, त्यांना तो आधीपासूनच होता. त्यांना खरे निदान सांगितले गेले नाही, आपल्यावर उपचार चालू आहेत असे भासवले गेले, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा परिणामकारक उपचार उपलब्ध झाल्यावरही तो त्यांच्यापासून दूर ठेवला गेला. हा फरक बारकाव्याचा वाटला तरी नीतीच्या दृष्टीने सर्व काही त्यावर अवलंबून आहे. ‘आम्ही काहीच केले नाही, फक्त निरीक्षण केले’ असा बचाव करणाऱ्याला उत्तर द्यायचे असेल, तर काहीही न करणे हासुद्धा निर्णय कसा ठरतो, हे दाखवावे लागते. लागण केल्याचा चुकीचा आरोप लिहिला की हा खरा प्रश्न हातातून सुटतो. या प्रकरणानंतर अमेरिकेत १९७४ मध्ये संशोधनाविषयीचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेल्माँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली.

अशीच काळजी अवतरणांच्या बाबतीत घ्यावी. ‘सर्वप्रथम अपाय करू नका’ हे वाक्य प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यांच्या शपथेतील म्हणून सर्रास दिले जाते. शपथेत अपाय टाळण्याचे वचन आहे, पण हे प्रसिद्ध वाक्य त्या शब्दांत नाही. कोणतेही विधान निदान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळावे, आणि एकाने दुसऱ्याचेच उतरवून घेतलेले नाही ना, हेही पाहावे.

वैद्यकीय नीतीत नेहमी सांगितल्या जाणाऱ्या स्वायत्तता, हित, अपाय न करणे आणि न्याय या चार तत्त्वांवर पानेच्या पाने खर्च करण्याची गरज नाही. प्रत्येक तत्त्वाचा एक प्रश्न करावा आणि तो आपल्या प्रसंगाला विचारावा: रुग्णाला काय हवे होते, त्याचे भले कशात होते, कोणाला इजा झाली, आणि ओझे कोणावर पडून लाभ कोणाला मिळाला. दोन तत्त्वांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध जातील, तेथे थांबून सविस्तर लिहावे.

मुलाखत घेण्यापूर्वी

प्रकल्पासाठी आपण लोकांना त्यांच्या आजारांविषयी, घरातील मृत्यूविषयी किंवा उपचारांच्या खर्चाविषयी प्रश्न विचारतो, तेव्हा आपणही त्याच नीतीच्या कक्षेत येतो. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवर चाललेल्या खटल्याच्या निकालात, १९४७ मध्ये, मानवी प्रयोगांसाठी दहा नियम सांगितले गेले आणि त्यांतला पहिला नियम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा आहे. शाळेतील प्रश्नावली हा वैद्यकीय प्रयोग नव्हे, हे खरे. पण समोरच्याला नाही म्हणण्याची खरी मोकळीक असावी, ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच आहे.

म्हणून प्रश्न विचारण्याआधी प्रकल्प कशासाठी आहे, उत्तरे कोण वाचणार आहे आणि वही नंतर कोठे राहणार आहे, हे साध्या भाषेत सांगावे. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर न देण्याची आणि मध्येच थांबण्याची मुभा आहे, हे तोंडाने स्पष्ट सांगावे, कारण पाहुण्या विद्यार्थ्याचे मन मोडू नये म्हणून माणसे इच्छा नसतानाही बोलतात. अल्पवयीन व्यक्तीच्या बाबतीत पालकांची परवानगी आणि त्या मुलाची स्वतःची तयारी अशा दोन्ही गोष्टी लागतात. रुग्णालयात जाऊन दाखल रुग्णांशी परस्पर बोलू नये. मार्गदर्शक शिक्षकांमार्फत रुग्णालयाची लेखी परवानगी घ्यावी, आणि ती न मिळाल्यास सेवेतील किंवा निवृत्त परिचारिकेची अथवा डॉक्टरांची मुलाखत घ्यावी.

गोपनीयतेचा विचार नाव बदलण्यापाशी संपत नाही. ‘आमच्या गल्लीतील दुकानदार’ असे लिहिले की नाव न देताही ओळख पटते. वय, व्यवसाय, नाते आणि आजार ही चारही माहिती एकत्र येऊ देऊ नये; प्रश्नाला जी आवश्यक आहे तेवढीच ठेवावी. रुग्णाच्या घरातले बाहेर सांगू नये, हा दंडक हिपोक्रॅटिसच्या शपथेत आहे आणि चरकसंहितेत शिष्याला केलेल्या उपदेशातही आहे, म्हणजे ही अपेक्षा वैद्यकाइतकीच जुनी आहे. बोलता बोलता कोणाला रडू आले तर नोंदवही बंद करावी आणि प्रकल्पाचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

आकडे आणि गटातील काम

प्रश्नावल्या कमी भरून आल्या तर उरलेल्या आपणच भरण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. याला ठाम नकार द्यावा. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला एक लेख आला आणि त्यातून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची शंका पसरली. लेखातील काही विधाने खोटी ठरल्यावर २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीपुस्तकातून काढण्यात आले. मात्र दरम्यान असंख्य पालकांच्या मनात बसलेली भीती लेखाबरोबर मागे घेता आली नाही. शाळेच्या वहीतील खोट्या आकड्याने कोणी आजारी पडत नाही, पण खोटा आकडा लिहिण्याची सवय तेथेच लागते. अकरा प्रश्नावल्या आल्या असतील तर अकराच लिहाव्यात आणि एवढ्या कमी उत्तरांवरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही, हेही लिहावे. गटात कोणी कोणते काम केले याची नोंद वहीच्या पहिल्या पानावर द्यावी.

ध्येयाचे पान

प्रकल्पाच्या शेवटी आपल्याला काय मिळाले, हे लिहिण्याची प्रथा आहे आणि तेथे ‘डॉक्टर होऊन समाजसेवा करणार’ हे वाक्य सहज येते. त्या वाक्यात वाईट काही नाही, पण ते पदाचे नाव आहे आणि ते पद मिळेपर्यंत त्यासाठी काय करायचे, हे त्यातून कळत नाही. ध्येय वागणुकीच्या भाषेत लिहावे. ‘ज्याला माझे म्हणणे समजलेले नाही, त्याची संमती मी संमती मानणार नाही’ किंवा ‘जे मला ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे दाखवणार नाही’ अशी वाक्ये आजपासून, प्रयोगवहीत आणि गटकामातसुद्धा पाळता येतात.

नंतर प्रकल्पातील कोणते काम आपण कोणी न सांगता केले, ते आठवावे. माणसांचे बोलणे तासन्तास ऐकावेसे वाटले असेल, तर प्रत्यक्ष रुग्णसेवा, परिचर्या किंवा समुपदेशन यांची माहिती काढावी. जुने निकाल आणि अहवाल वाचण्यात मन रमले असेल तर कायदा व आरोग्यधोरण, आणि तक्ते करण्यात रमले असेल तर साथरोगशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्र यांकडेही पाहावे. एका ध्येयाकडे अनेक पदांतून जाता येते, याचे मला आवडणारे उदाहरण सिसिली साँडर्स यांचे आहे. त्या आधी परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्या झाल्या, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. मरणासन्न माणसाच्या वेदना कमी करण्याचे काम त्यांनी तिन्ही भूमिकांत धरून ठेवले. असाध्य आजार झालेल्या माणसाशी खरे आणि तरीही मायेने कसे बोलावे, हे शिकण्याची माझी इच्छा आहे. ते कोणत्या पदावरून करायचे, हा प्रश्न मी सध्या खुला ठेवला आहे.

या पानावर आणखी दोन गोष्टी लिहाव्यात. हे ध्येय आपल्या मनातले किती आणि घरच्यांच्या इच्छेतले किती, हे जमेल तितक्या खरेपणाने नोंदवावे. घरच्यांची इच्छा असणे हा दोष नाही, पण ती वेगळी दिसली पाहिजे. दुसरे म्हणजे, अपेक्षित अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला नाही तर यांतली कोणती वाक्ये तशीच टिकतील, त्यांच्याखाली रेघ ओढावी. पानावर तारीख घालावी आणि वर्षाच्या शेवटी ते पुन्हा वाचून बदललेली वाक्ये खोडून न टाकता त्यांच्या शेजारी नवी लिहावीत. गुणांसाठी सादर करायच्या वहीत या पानाचा मोजका भाग द्यावा आणि पूर्ण पान स्वतःजवळ ठेवावे, कारण परीक्षक वाचणार हे माहीत असले की लिहिणाऱ्याचा हात आपोआप त्यांना आवडेल असे लिहू लागतो.