मंडळीचे काम सोपवायचे कसे, आणि सोपवलेले परत ओढायचे नाही ते कसे

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) थकलेल्या पाळकाला सगळे एकच सांगतात, ‘पाळकसाहेब, जरा विश्रांती घ्या.’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. चार दिवसांनी परत यावे तर तीच कामे दारात उभी, शिवाय चार दिवसांची थकबाकी वर. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला झोपू दिले, दोनदा उठवून खाऊ घातले, हे खरेच. पण १ राजे १९ तिथे संपत नाही. पुढे होरेब डोंगरावर त्याला आपल्या जागी संदेष्टा म्हणून अलीशाचा अभिषेक करायला सांगितले. विश्रांतीच्या पाठोपाठ त्याला जोडीदार मिळाला. तुम्हालाही तोच हवा आहे.

१. यादी

एक आठवडा जे जे कराल ते लिहून ठेवा. उपदेश, प्रभुभोजन आणि लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टी तुमच्याकडे राहू द्या. बाकी बहुतेक सोपवता येते.

२. माणूस

लोकांचे न्यायनिवाडे एकटाच करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने निर्गम १८ मध्ये मदतीला माणसे कशी पाहावीत ते सांगितले आहे: कर्तबगार, देवभीरू, खरी आणि लाचेचा तिटकारा असलेली. छान बोलणारा, शिकलेला, मोठे दान देणारा यातले काहीच त्यात नाही. तरी आपण निवडतो तो छान बोलणाराच!

दुसरी गोष्ट प्रेषितांची कृत्ये ६ मधली. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. मग जे सात जण निवडले त्यांची नावे पाहा, स्तेफन, फिलिप आणि बाकीचे. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांना त्रास झाला, बहुधा त्यांच्यातूनच माणसे पुढे आली. मी पूर्वी तक्रार करणाऱ्यांना टाळायचो. आता त्यांच्याकडे आधी जातो, कारण कुठे दुखते हे त्यांना नेमके ठाऊक असते.

पैशाचे काम मात्र कधीही एकट्याकडे देऊ नका. माणूस कितीही विश्वासू असला तरी दान दोघांनी मोजायचे.

३. रेघ

काय करायचे, कोणासाठी आणि कोणत्या बाबतीत तुम्हाला विचारायचे, हे आधीच ठरवा. इथ्रोने हेच केले: अवघड प्रकरण मोशेकडे, साधे त्या निवडलेल्या माणसांनीच मिटवायचे. मग मंडळीसमोर त्या माणसाचे नाव घ्या आणि त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करा. खासगीत सोपवलेल्या कामाला मंडळीत वजन येत नाही.

४. सोबत

पहिल्या दोन-तीन वेळा बरोबर न्या. बस.

५. परत ओढू नका

काम देणे सोपे असते, दिलेले दुसऱ्याच्या हातात राहू देणे फार कठीण. मी इथेच अडकलो होतो.

आजाऱ्यांच्या भेटी मी एका तरुणाकडे सोपवल्या. तो कमी बोलायचा. दहा मिनिटे बसायचा, एक स्तोत्र वाचायचा, दोन वाक्यांची प्रार्थना करून निघायचा. एका घरून मला फोन आला, ‘तुम्ही येणार ना?’ मी दुसऱ्याच दिवशी गेलो आणि तासभर बसलो. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही. मला वाटत होते की मी प्रेमाने जातो आहे. प्रत्यक्षात मी त्या घरांना सांगत होतो की तो आला ती भेट खरी नव्हे. तिसऱ्या महिन्यात तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही जाणारच आहात, तर मी कशाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने पुन्हा ते काम हाती घ्यायला वर्ष गेले.

म्हणून फोन आला की आता मी एवढेच म्हणतो, ‘तो आला म्हणजे मंडळी आली.’ मग जाण्याआधी त्या माणसालाच फोन करून विचारतो, ‘मी यायची गरज आहे का?’ त्याने हो म्हटले तरच जायचे, आणि त्याच्यासोबत.

पहिले सहा महिने त्याची पद्धत बदलू नका. तुमच्याइतके चांगले होणार नाही, हे धरूनच चाला. चुकला तर एकट्यात सांगा, सभेत कधीही नाही. तीन गोष्टींत मात्र त्याच दिवशी मध्ये पडा: कुणाचे गुपित फुटले, पैशाचा हिशेब जुळला नाही किंवा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला. तिथे धीर धरणे हा निष्काळजीपणा आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जड जाते. एके दिवशी त्याची प्रार्थना लोकांना तुमच्यापेक्षा जास्त भावेल आणि ते तुम्हाला टोचेल. गणना ११ मध्ये एल्दाद आणि मेदाद हे दोघे छावणीत देवाचा संदेश देऊ लागले तेव्हा एक तरुण धावत येऊन ते मोशेला सांगू लागला, आणि मोशेचा सेवक यहोशवा म्हणाला, ‘त्यांना थांबवा.’ मोशेने उलट त्यालाच विचारले, माझ्यासाठी तुला हेवा वाटतो काय? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले असते तर बरे झाले असते! तो उतारा मी उपदेशासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त वेळा वाचला आहे.

६. माणूस अर्ध्यात सोडून गेला तर

दार बंद करू नका. प्रेषित पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या सुवार्ता-प्रवासात त्यांचा सोबती मार्क पिर्गा शहरातून परत फिरला. पुढच्या वेळी त्याला सोबत घ्यायला पौल तयार नव्हता, त्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले. त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्कला घेऊन ये म्हणून सांगितले, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबाने त्याला आपल्यासोबत ठेवले होते.

७. महिन्यातून एकदा

त्याच्यासोबत अर्धा तास बसा. कामाचे नंतर, आधी त्याच्या घरचे कसे आहेत आणि त्याला झोप लागते का, ते विचारा.