मुंबई ते सिंधुदुर्ग: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन शहरांमधील हवाई अंतर काढण्यासाठी रस्त्याचे किलोमीटर उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश व रेखांश लागतात. मुंबई विमानतळ सुमारे १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला सिंधुदुर्ग विमानतळ सुमारे १६.०० आणि ७३.५३ अंशांवर आहे. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा असतो, त्यामुळे ३.०९ अंशांच्या फरकाचे ३४३ किलोमीटर होतात. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आखूड होत जातो. या पट्ट्यात तो १०६ किलोमीटरचा धरावा, म्हणजे ०.६६ अंशाचे ७० किलोमीटर झाले. दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ३५० किलोमीटर हे उत्तर मिळते. ही रीत कोकणापुरती पुरेशी आहे. परदेशाच्या अंतरासाठी पृथ्वीची गोलाई हिशेबात घेणारे गणकयंत्र वापरावे.

आता वेळ. पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणून ३५० किलोमीटरला ४२ मिनिटे लागतील. परंतु विमान धावपट्टीपर्यंत नेणे, वर चढणे, उतरण्यासाठी वळसा घेणे यांत आणखी अर्धा तास सहज जातो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे तेथे सव्वा तास किंवा थोडा अधिक वेळ दिसला तर तो योग्यच समजावा. जेट विमानाचा वेग याच्या दुपटीपेक्षा कमीच असतो, त्यामुळे एवढ्या कमी अंतरात त्याने फारशी मिनिटे वाचत नाहीत.

आखातातून येणाऱ्यांनी घड्याळाकडे विशेष लक्ष द्यावे. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० वाजता निघून तेथे पावणेबाराला पोहोचणारे विमान प्रत्यक्षात सव्वातीन तास प्रवास करते.

खरा फरक पडतो तो जमिनीवरच्या टप्प्यात, आणि कोकणात तो आधी मोजावा असे माझे ठाम मत आहे. चिपीच्या सड्यावरून देवबाग हवाई रेषेत हाकेच्या अंतरावर आहे, पण मध्ये कर्लीची खाडी असल्याने गाडीला नेरूरपारच्या पुलापर्यंत वर जाऊन पलीकडच्या तीराने पुन्हा खाली यावे लागते. सावंतवाडी किंवा बांद्याच्या माणसाने गोव्यातील मोपा विमानतळही तपासावा. मुंबईपासून तो सुमारे ३८५ किलोमीटरवर, म्हणजे चिपीपेक्षा थोडा दूर असला, तरी तेथून घर जवळ पडू शकते.

एकूण वेळ काढताना मुंबईतील घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ, उड्डाणापूर्वीचे दोन तास, वेळापत्रकातील वेळ आणि पुढचा रस्ता असे चारही भाग मिळवावेत. चिपीला रोज विमान असेल असे गृहीत न धरता आपल्या तारखेची सेवा आधी पाहावी, आणि पावसाळ्यात ढग खाली उतरल्यामुळे विमान घिरट्या घालू शकते किंवा दुसरीकडे वळवले जाऊ शकते हे ध्यानात घेऊन त्या दिवशी दुसरे महत्त्वाचे काम ठेवू नये.