सडा ते संगम: साताऱ्याहून कृष्णाकाठाने सांगलीपर्यंत सायकलनं कसं जायचं

आपल्याकडं सायकलवरून फिरायचं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात किती किलोमीटर. साताऱ्याच्या पश्चिमेला हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे. इथं बघायचं ते चढ किती, वारा कुठनं आणि पाणी कुठल्या दिशेला वाहतंय. सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळी पठारावरचं, पाणी उरमोडीतून, तारळीतून, कोयनेतून शेवटी कृष्णेला मिळतं आणि कृष्णा सांगलीकडं जाते, आपणही तसंच जायचं, आधी डोंगर उरकायचा आणि मग नदीला धरून सपाटीला लागायचं. उलट्या दिशेनं म्हणजे सांगलीहून निघून शेवटी सडा चढायचा बेत बरेच जण करतात, करू नका, पाय थकलेले असताना घाट येतो आणि वर समोरून वारा.

आधी कधी जायचं ते. माझ्या मते घटस्थापना ते दिवाळी, बस्स. जून-जुलैत सड्यावर धुकं इतकं असतं की पुढचं दहा पावलांवरचं दिसत नाही आणि पश्चिमेचा वारा सायकलसकट ढकलतो. फेब्रुवारीनंतर वर सगळं वाळून गेलेलं असतं, सावली नाही, पाणी नाही. आणि दिवाळीनंतर खाली कारखाने सुरू होतात, मग कराड-सांगली पट्ट्यात रस्त्यावर उसाचेच ट्रॅक्टर. मधल्या या महिनाभरात वर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं ही फुलं अजून थोडीफार सापडतात, ओढे वाहते असतात आणि खाली ऊस अजून उभा असतो. एकच धोका, परतीचा पाऊस. तो बहुतेक दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि सड्यावर आडोसा कुठंच नाही, तुम्ही आणि पवनचक्क्या एवढंच उंच काय ते. म्हणून पहाटे सहाला निघायचं आणि दुपारी एकच्या आत सड्यावरनं खाली यायचं, यात तडजोड नाही.

सायकल कुठलीही चालेल पण गिअर हलका पाहिजे. मागच्या चाकावरच्या कॅसेटमधली, म्हणजे गिअरच्या चकत्यांतली, सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची असेल तर काम होतं, पुढं ट्रिपल म्हणजे तीन चकत्या असतील तर अजून चांगलं. रोड बाईकचे बारीक २५ चे टायर घेऊन येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होतो, ३५ ते ४० एमएम घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा, कारण रस्ता चांगला म्हणता म्हणता खडी निघते. निघायच्या आधी ब्रेक पॅड बघाच. आणि ट्यूब, याबाबतीत मी फार आग्रही आहे. नदीकाठच्या शेतरस्त्यांवर बाभळीचे काटे असतात, गावात पंक्चरवाला मिळतो पण त्याच्याकडं मोटरसायकलचं सामान, तुमच्या सायकलचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पाईप त्याला बसतच नाही. दोन जादा ट्यूब, प्रेस्टाला लावायचा छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर आणि हातपंप एवढं जवळ ठेवा. टायरमधला काटा काढताना नुसतं बाहेरून बघू नका, टायर पूर्ण उलटा करून आतून बोट फिरवा, काट्याचं टोक मोडून आत राहतं आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते.

पहिला दिवस साताऱ्यातच मुक्काम ठेवून मोकळ्या सायकलनं ठोसेघर-चाळकेवाडी करा, सामान लॉजवर राहू द्या. ठोसेघर साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. सुरुवातीला सज्जनगडाच्या दिशेनं उरमोडीच्या खोऱ्यातून, मग चढ. धबधबा बघून पुढं चाळकेवाडीला जायचं, खरा सडा तिथं आहे. कास पठार का नाही म्हणाल तर कास सुंदरच आहे, २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग असते आणि त्या धुरात चढण्यात काही अर्थ नाही. जायचंच असेल तर मधल्या वारी, उजाडताना.

चाळकेवाडीला एक गोष्ट शिकून घ्या. पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडं वळतं, म्हणजे लांबूनच कळतं की पुढं वारा छातीवर घ्यायचाय की पाठीवर. पाती तुमच्याकडं तोंड करून असतील तर वारा तुमच्या पाठीकडनं चाललाय, मजा आहे, पण परत येताना तोच समोर असणार हे आत्ताच धरून चाला आणि निम्मी ताकद राखून ठेवा. पाती कडेनं दिसत असतील तर आडवा वारा, मग हँडल सैल पण नीट धरायचं आणि रस्त्याच्या अगदी कडेला जायचं नाही, एक झोत आला की माणूस साईडपट्टीवर जातो.

आणि रस्ता सोडून सायकल सड्यावर घालू नका, हे मनापासून सांगतोय. खाली जांभा दगड आहे आणि त्याच्यावर जेमतेम बोटभर माती, त्या मातीवर ती सगळी फुलं. चाकाची एक रेघ उठली की ती पुढच्या पावसापर्यंत तशीच दिसते, आणि दुसऱ्याला वाटतं इथून वाट आहे. शिवाय ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, पडलात तर कोपर सोलून निघतं. सायकल रस्त्यावर आडवी ठेवा आणि चालत जा, ते पण दगडावर पाय ठेवत.

दुसरा दिवस सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चांगला. सातारा-नागठाणे हायवेनं, सर्व्हिस रोड मिळेल तिथं सर्व्हिस रोड, मग नागठाण्याहून उजवीकडं तारळ्याला आत शिरायचं. हायवेचा आवाज बंद झाला की तारळी नदीचं खोरं सुरू होतं, भात, सोयाबीन, भुईमूग. तारळ्यात पोटभर खाऊन बाटल्या भरून घ्या कारण पुढं सडावाघापूरचा चढ आहे. इथं वेगाचा विचार सोडून द्या, बसून हलक्या गिअरवर पाय फिरवत राहायचं, उभं राहून मारलं की पाचच मिनिटांत श्वास संपतो. उतरून ढकलत जायला काही हरकत नाही, ओझं असलेल्या सायकलवर सगळेच ढकलतात. वर पुन्हा पवनचक्क्या. पावसाळ्यात इथला उलटा धबधबा बघायला गर्दी असते, वारा पाणी दरीतून वर फेकतो, ऑक्टोबरात मात्र ओढ्याला तेवढं पाणी नसतं.

मग पाटणला उतार. उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबा-सोडा, पुढचा-मागचा मिळून, वळणाच्या आधी वेग कमी करा वळणात नाही. रिम ब्रेक म्हणजे चाकाची कड दाबणारे ब्रेक असतील तर मधे एकदा थांबून रिमजवळ हात न्या, धग लागली तर पाच मिनिटं थांबा. वळणावर पावसानं आणलेली बारीक लाल खडी असते, तीच बहुतेकांना पाडते. कितीही उशीर झाला तरी अंधार पडायच्या आत मुक्कामाला पाटण गाठा, या बाजूला गवे रस्त्यावर येतात आणि गव्याला सायकलची घंटा कळत नाही.

तिसऱ्या दिवशी पाटण ते कऱ्हाड कोयनेच्या काठाकाठानं, पस्तीस-चाळीस किलोमीटर, रस्ता सोपा पण हा चिपळूणकडचा मोठा रस्ता, शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी कोकणच्या गाड्या असतात. सकाळी लवकर उरका. मल्हारपेठेत नाश्ता. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबायचंच, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग मिळून पूर्वेकडं वळतात, असं सहसा बघायला मिळत नाही. यशवंतरावांची समाधी तिथंच आहे. दुपारी आख्खा मसूर आणि भाकरी, संध्याकाळी घाटावर बसा, चेन पुसा, तेल घाला. मुक्काम इथंच.

शेवटचा दिवस ७०-८० किलोमीटरचा पण चढ नावालाच. कऱ्हाडहून शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी असं जायचं. हा रस्ता धरायचं आणखी एक कारण म्हणजे रेल्वे, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे सगळीकडं स्टेशन आहे, काही मोडलं किंवा कुणाला बरं वाटेनासं झालं तर जवळच्या स्टेशनवर जाता येतं. भिलवडीचा कृष्णेवरचा घाट बघा, पलीकडं औदुंबर, पुलावरून जाऊन दत्ताचं दर्शन घ्या. पाण्याच्या इतकं जवळ देऊळ आहे की पुरात ते पाण्याखाली जातं.

पुराचंच सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरात निघणार असाल तर कोयना धरणातून किती पाणी सोडलंय आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती आहे हे रोज बघा. तिथं ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात, २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली होती. पण नदीकाठचे बंधारे आणि बुटके पूल त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पुलावर घोट्याएवढंच पाणी दिसलं तरी सायकल घालू नका, गावातल्या माणसाला विचारा आणि लांबचा रस्ता घ्या.

हंगाम सुरू झाल्यावर गेलात तर ट्रॅक्टरबद्दल एवढं लक्षात ठेवा. मागं दोन ट्रॉल्या असतात, दुसरी ट्रॉली डुलते आणि उसाचे शेंडे बाजूला हात-दीड हात बाहेर आलेले असतात. ड्रायव्हरची गाणी इतकी मोठ्यानं चालू असतात की तुमची घंटा त्याला ऐकू येणं शक्य नाही. ओव्हरटेक करायचाच नाही, मागं राहा, तो चढाला हळू झाला तरी. शेतातून रस्त्यावर आलेल्या चाकांची काळी माती पडलेली असते, ती ओली असली की साबणासारखी, तिथं ब्रेक न लावता सरळ निघून जा. मडगार्डमध्ये ती माती अडकली तर लगेच काडीनं काढा, वाळली की चाक फिरत नाही.

भिलवडीहून वसगडे, नांद्रे करत सांगलीत शिरायचं. वेळ असेल तर हरिपूरला जा, वारणा तिथं कृष्णेला मिळते, सांगलीपासून अगदी जवळ आहे. परतीला सायकल रेल्वेनं न्यायची तर पार्सल ऑफिसात गाडीच्या वेळेआधी तास-दीड तास पोचा, सायकलला लावलेल्या सामानाच्या पिशव्या काढून घ्या, हँडलला नाव-नंबर-स्टेशन लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा, आणि त्या गाडीला लगेजचा डबा आहे का आणि तुमच्या स्टेशनवर ती उतरवण्याएवढी थांबते का हे तिकीट काढायच्या आधी विचारा.