वेळेचं नियोजन: दर सेमिस्टरला होणाऱ्या या चुका टाळा

सेमिस्टर सुरू झालं की पहिल्याच रविवारी टाइमटेबल तयार होतं. पट्टी, चार रंगांची स्केचपेनं, भिंतीवर चिकटपट्टी. पहाटे ५ पासून रात्री ११ पर्यंत एकही खण रिकामा नाही. बुधवारपर्यंत त्यातलं निम्मं मोडलेलं असतं. पुढच्या रविवारी नवं टाइमटेबल, आणि सोबत स्वतःचंच निदान: "माझ्यात शिस्त नाही." बहुतेकांच्या बाबतीत शिस्तीपर्यंत जायची गरजच नसते, बेरीजच चुकलेली असते.

गच्च भरलेलं टाइमटेबल

आधी आठवड्याचे तास मोजा. २४ गुणिले ७ म्हणजे १६८. रोज ८ तासांप्रमाणे झोपेचे ५६ गेले. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून २५ धरा, येण्याजाण्याचे १०. जेवण, आंघोळ, कपडे, खोली आवरणं यांना रोज ३ दिले तर आणखी २१. उरले ५६. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण हे गणित कागदावर एकदा कराच.

५६ हा आकडा पाहून अनेकांना चेव येतो आणि ते ५६ च्या ५६ तासांचा अभ्यास लिहून मोकळे होतात. पण हे तास सलग नसतात. दोन लेक्चरमधला ४० मिनिटांचा तुकडा त्यातच आला, संध्याकाळी दमून परतल्यावरचा दीड तासही त्यातच, मित्रांशी बोलण्याचा आणि आजारपणाचा वेळही त्यातूनच जाणार. यातल्या ३० ते ३५ तासांचंच काम ठरवा. बाकीचे वाया जातील असं नाही, ते कशाला लागतील हे आज सांगता येत नाही इतकंच.

सोमवारचं प्रॅक्टिकल ४० मिनिटं लांबलं की त्यामागचे सगळे खण ४० मिनिटांनी सरकतात. सरकायला जागाच नसेल तर शेवटचा खण पडतो, आणि तो बहुतेक वेळा सर्वांत नावडत्या विषयाचा असतो, कारण तो मुद्दाम शेवटी ठेवलेला असतो. असं तीन आठवडे झालं की तो विषय बुडालाच म्हणून समजा.

यावर उपाय एकच, आणि तो कुणालाही आवडत नाही. आठवड्यात दोन-दोन तासांचे दोन खण कोरे ठेवायचे, उदाहरणार्थ बुधवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ. त्यात आधीपासून काहीही लिहायचं नाही. आठवड्यात जे सांडलं ते तिथे भरून घ्यायचं. काहीच सांडलं नसेल तर झोपा काढा किंवा फिरायला जा, पण तो खण नव्या विषयाला देऊ नका. एकदा दिला की तो कायमचा गेला.

दुसरी दुरुस्ती अंदाजाची. कामाला जितका वेळ लागेल असं वाटतं त्याच्या किमान दीडपट लिहायचा. ही निव्वळ भीती नाही. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सहसा कमी धरतो, ही गोष्ट डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडली होती. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. पाच-सहा कामांचा अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी-शेजारी लिहा, तुमचा गुणक तुम्हालाच कळेल. कुणाचा १.३ येतो, कुणाचा सरळ २.

विषयाचं नाव लिहून त्याला काम म्हणणं

"सायंकाळी ७ ते ९: डेटाबेस." हे वाचून माणूस खुर्चीवर बसतो, पुस्तक उघडतो, कुठून सुरुवात करायची याचा २० मिनिटं विचार करतो आणि मग फोन हातात घेतो. यात आळसाचा दोष कमी, लिहिण्याचा जास्त. काम असं लिहा: "नॉर्मलायझेशनचे ५ प्रश्न, नोट्स न बघता, ५० मिनिटं." सुरुवात दिसली पाहिजे आणि संपलं हेही दिसलं पाहिजे. लिहिलेलं काम ९० मिनिटांपेक्षा मोठं असेल तर त्याचे तुकडे करा. तुकडे करता येत नसतील तर काम नीट कळलेलंच नाही. मग पहिलं काम "काय करायचंय ते शोधणं, ३० मिनिटं" एवढंच.

सबमिशनची तारीख हीच कामाची तारीख समजणं

ही चूक सर्वांत महाग पडते. थोड्याफार फरकाने घडणारा प्रसंग असा असतो. चार जणांचा गट, साठेक पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट, ३० तारखेला सबमिशन. २७ ला प्रत्येक जण म्हणतो, "माझा भाग झालाय." त्यामुळे सगळे निवांत. २८ च्या रात्री चार फाइली एकत्र केल्या जातात आणि खेळ सुरू होतो. चौघांचे फॉन्ट वेगळे. हेडिंग कुणी स्टाइल वापरून दिलेलं नाही, नुसतं ठळक केलेलं, त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप बनत नाही. "आकृती ३.२" दोन ठिकाणी. संदर्भ एकाने वर्षाप्रमाणे दिलेत, दुसऱ्याने क्रमांकाने, तिसऱ्याने नुसत्या लिंक चिकटवल्यात. फाइली जोडण्यात ३ तास, आकृत्यांचे क्रमांक सुधारण्यात २, संदर्भ एका पद्धतीत आणण्यात ४. पहाट होते आणि प्रयोगाचा निष्कर्ष अजून कुणीच लिहिलेला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं होतं तो दुसऱ्याकडे आहे.

२९ ला गाइडला मेल जातो: "सर, उद्या सबमिशन आहे, एकदा बघाल का?" साठ पानं एका दिवसात कोण वाचणार? वाचलीच तर ते तिसरं प्रकरण बदलायला सांगतात. ३० ला सबमिशनच्या पोर्टलवर फाइल चढत नाही, कारण फोनने काढलेले फोटो पूर्ण आकारातच टाकलेत आणि फाइल मर्यादेबाहेर गेलीय. शेवटच्या तासात पोर्टलही रडतं, कारण सगळा वर्ग त्याच तासात आलेला असतो.

इथे बुद्धिमत्ता कमी पडली असं कुठेच झालेलं नाही. लिखाणानंतरचं काम कुणी काम म्हणून मोजलंच नव्हतं. म्हणून मागून मोजत या. ३० ला सबमिशन असेल तर २८ ला अंतिम फाइल तयार, आणि त्याच दिवशी ती चढवूनही बघायची. छापील प्रत लागणार असेल तर छपाई आणि बाइंडिंगला वेगळा दिवस, म्हणजे २९. गाइडला पूर्ण मसुदा १९ ला. त्यांना वाचायला ५ दिवस, तुम्हाला दुरुस्तीला ३. चारही भाग एका फाइलमध्ये १७ ला. आकडे आणि आलेख १२ ला गोठवायचे, त्यानंतर नवा प्रयोग नाही, कितीही मोह झाला तरी. या सहाही तारखा कॅलेंडरमध्ये आजच टाका आणि प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव लिहा. "आपण सगळे" हे नाव धरलं जाणार नाही.

फॉन्ट, हेडिंगच्या स्टाइल आणि संदर्भांची पद्धत पहिल्या आठवड्यातच ठरवा, आणि एक कोरी नमुना फाइल चौघांना द्या. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये साठवा. वाचतानाच टाकलेल्या नोंदीला अर्धं मिनिट लागतं. तीच नोंद महिन्यानंतर शोधायची म्हटलं तर "तो कुठलातरी पेपर होता, निळा आलेख असलेला" असं करत पाऊण तास जातो. याला शॉर्टकट म्हणा हवं तर. या लेखातला माझ्या पसंतीचा तेवढा एकच.

वाचलेलंच पुन्हा वाचणं

यात वेळ जातो आणि गेल्याचं कळतही नाही. मजकूर ओळखीचा वाटतो म्हणून येतो असं वाटतं. रॉडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र स्वतःला आठवायला लावणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग ताडून बघा. त्याच दिवशी १० मिनिटं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा.

किरकोळ, पण नेहमीच्या

पोमोडोरो हा देवाचा शब्द नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर बसवलेली ती पद्धत: २५ मिनिटं काम, ५ विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. सुरुवात होत नसेल तेव्हा उत्तम. लांब सिद्धता किंवा कोड डोक्यात बसत आला असताना घंटा वाजली म्हणून उठणं हा निव्वळ हट्ट.

एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलात तर मन पहिल्याकडेच रेंगाळतं. उठण्यापूर्वी एक ओळ लिहा: कुठे थांबलो, पुढची पायरी काय. परत आल्यावर पंधरा मिनिटं वाचतात.

फोन उलटा ठेवून उपयोग नाही. दुसऱ्या खोलीत ठेवा.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण: सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं. पेपर त्या अवस्थेत सोडवायचा का, ते तुम्ही ठरवा.

नियोजनाचं नवं ॲप उतरवणं म्हणजे नियोजन केल्याचा आनंद फुकटात. एक कॅलेंडर, एक वही. बस.

मेल, फॉर्म, फी, पुस्तक परत करणं हे दिवसभर शिंपडू नका. रोज अर्धा तास, एकाच वेळी, दुपारी जेवणानंतर, जेव्हा डोकं तसंही चालत नसतं.

आधीच मागे पडला असाल तर

सगळं "भरून काढण्याचा" संकल्प सोडा. एका कागदावर राहिलेली सगळी कामं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: किती गुणांचं, किती तास लागतील (दीडपट करून), शेवटची तारीख. आता गुणांना तासांनी भागा. १० गुणांचा अहवाल ४ तासांत होत असेल तर तासाला अडीच गुण. ५ गुणांचं सादरीकरण १० तास खाणार असेल तर तासाला अर्धा. क्रम आपोआप दिसेल. यातून एकच अपवाद: ज्यात नापास झालात तर पुढचं वर्ष अडेल तो विषय, गुणोत्तर काहीही आलं तरी, सर्वांत वर. तळातली एक-दोन कामं सरळ सोडा किंवा जेमतेम करा. इथे बहुतेक जण कच खातात, सगळ्याला थोडं-थोडं हात लावतात आणि काहीच संपत नाही.

मुदतवाढ मागायची असेल तर तारखेच्या चार-पाच दिवस आधी मागा. मेल तीन ओळींचा: किती काम झालंय, किती राहिलंय, कोणत्या तारखेला देता येईल. सोबत झालेला भाग जोडा. आदल्या रात्री ११ ला पाठवलेल्या, आजारपणाचं लांबलचक वर्णन असलेल्या मेलपेक्षा हा मेल कितीतरी जास्त वेळा मान्य होतो.