ट्रिप बिघडलेल्या माणसाजवळ कसं बसावं

ॲसिड (म्हणजे एलएसडी) किंवा नशेचं मशरूम घेतलेला माणूस घाबरला की त्याच्या भोवती माणसं जमतात आणि जो तो उपाय सांगतो. लिंबू चोखायला द्या, लोणचं चारा, कडक कॉफी पाजा, गार पाण्याखाली उभं करा. यातल्या कशानेही ट्रिप, म्हणजे नशेचा अंमल, उतरत नाही. दारूने तर त्याचा तोल आणखी जातो, आणि बोटं घालून ओकायला लावलं तर घशात अडकायची भीती. गोव्यात हणजुणे-वागातोरच्या बाजूला अशा बऱ्याच रात्री मी कुणा ना कुणाच्या उशाशी काढल्या आहेत. हे पदार्थ घेणं-बाळगणं 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली गुन्हा आहे आणि ते घ्या असं मी कुणालाच सांगत नाही. पण समोरच्याने घेतलंय आणि तो थरथरतोय, तेव्हा काय करायचं ते शेजारच्याला माहीत असायलाच हवं.

आधी अंग बघा, मन नंतर. झटके, छातीत दुखणं, अंग भाजल्यासारखं गरम, स्नायू ताठ, हाक मारूनही शुद्ध नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला निघालाय, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन लावा. तोवर त्याला कुशीवर झोपवा, उताणा ठेवू नका, आणि आवरायच्या नादात पालथा दाबून तर मुळीच धरू नका. लिथियम किंवा ट्रॅमाडॉल चालू आहे का ते विचारा, कारण त्याबरोबर झटक्यांचा धोका वाढतो. ॲसिडचा म्हणून जिभेवर ठेवलेला कागद कडू लागला होता, जीभ बधिर झाली होती असं तो म्हणाला तर ते ॲसिड नसून दुसरंच काही असू शकतं. ॲसिड म्हणून विकल्या जाणाऱ्या एनबोमसारख्या रसायनांनी माणसं मेली आहेत. कातडी कोरडी आणि लालबुंद, तोंडाला कोरड, हवेतलं काहीतरी वेचतोय, नसलेल्या माणसांशी बोलतोय, असं दिसलं तर धोत्र्याची शंका घ्या आणि थेट दवाखाना गाठा. तिथे डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने लोक इथे तास-दोन तास घालवतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

अंग ठीक असेल तर गर्दी हटवा, मोठा आवाज बंद करा, दिवा मंद ठेवा. गाडीच्या किल्ल्या तुमच्या खिशात. गच्ची, विहीर, समुद्र यांच्याकडे जाऊ द्यायचं नाही, पाय भिजवायलासुद्धा. घोट घोट पाणी.

आता खरा अवघड भाग. ॲसिड साधारण आठ ते बारा तास राहतं, मशरूम चार ते सहा. मधल्या काही तासांत माणूस म्हणतो, मला वेड लागलंय, मी आता कधीच पहिल्यासारखा होणार नाही. त्या वेळी तुम्ही काय करता यावर पुढची अख्खी रात्र ठरते.

मी इथेच चुकले होते. मित्राचा धाकटा भाऊ पुण्याहून आलेला. रात्री अकराच्या सुमारास माझा दंड धरून म्हणाला, "ताई, मी मेलोय का गं?" मी त्याला समजवायला बसले. मेलेला माणूस बोलतो का? नाडी बघ, आरसा बघ. (आरसा कधीही दाखवू नका. चेहरा वितळताना दिसतो.) माझ्या प्रत्येक पुराव्यावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. मेल्यावर असंच वाटत असेल, तूही त्यातलीच आहेस. पाऊणएक तासाने तो माझ्याकडेही संशयाने बघायला लागला. शेवटी बोलून बोलून माझा घसा बसला आणि मी भिंतीला टेकून नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने तो आपणहून जवळ सरकला. "संपेल ना हे?" म्हणाला. मी म्हटलं, "संपेल. मी इथेच आहे." मग तो खूप रडला, आणि त्या रडण्यानंतर त्याचा श्वास सरळ झाला.

म्हणून माझं ठाम मत आहे, वाद घालू नका. त्याला जे दिसतंय ते खोटं ठरवू नका आणि खरंही म्हणू नका. "भीती वाटतेय ना? हे औषधाचं आहे. उतरणार आहे. मी कुठे जात नाही." एवढीच चार वाक्यं, हळू आवाजात, आणि त्याने वीस वेळा विचारलं तर विसाव्यांदाही त्याच शब्दांत. शब्द बदलले की त्याला वाटतं तुम्ही काहीतरी लपवताय. कधी घेतलं आणि साधारण कधी उतरेल, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समोर ठेवा, कारण पाच मिनिटं त्याला अख्ख्या रात्रीएवढी वाटतात.

विचारल्याशिवाय हात लावू नका. हात पुढे करून ठेवा, धरायचा की नाही ते त्याला ठरवू दे. उठून चालायला लागला तर अडवू नका, सोबत चाला. रडत असेल तर रडू द्या, "रडू नको" हे शब्द गिळून टाका. पाच जणांनी आळीपाळीने धीर देण्यापेक्षा एकच ओळखीचा चेहरा बरा. तुम्हीच घाबरला असाल तर ते त्याला लगेच कळतं. दुसऱ्याला बसवा आणि बाहेर जाऊन श्वास घेऊन या.

ॲसिड शोधणाऱ्या अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञांनाही हे चुकलं नव्हतं. 19 एप्रिल 1943 रोजी बाझेलमध्ये त्यांनी पाव मिलिग्रॅम स्वतःवर घेऊन पाहिलं. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकीण दिसली, आपण वेडे होतोय किंवा मरतोय अशी त्यांची खात्री झाली. डॉक्टरांनी तपासलं तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, बाकी काही नाही. हळूहळू भीती ओसरली आणि सकाळी ते ताजेतवाने उठले. घाबरलेल्या माणसाला शुद्ध असेल तर मी ही हकिकत सांगते. आपल्या आधीही कुणीतरी इथून जाऊन परत आलंय, हे त्याला पटतं.

उतरायला लागलं की पेज किंवा मऊ भात, पांघरूण, झोप. झोप लागली तरी सकाळपर्यंत एकटं सोडू नका.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलू द्या, अर्थ तुम्ही लावू नका. नोकरी सोडणं, लग्न मोडणं असले निर्णय काही आठवडे पुढे ढकलायला लावा. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर पुन्हा या वाटेला जायचं नाही, हे स्पष्ट सांगा. दोन-तीन दिवसांनंतरही झोप नाही, आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतंय, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. लगेच कुणी भेटत नसेल तर टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावा आणि तो बोलेपर्यंत शेजारी बसा.