नीलवंत आणि रॉबर माशी: फरक कसा पाहायचा

आधी पंख मोजा. नीलवंत फुलपाखराला चार, खवल्यांनी झाकलेले. रॉबर माशीला दोनच पारदर्शक, मागची जोडी आखडून तोल सांभाळणाऱ्या गुंड्या झालेली. काही रॉबर माश्या हुबेहूब मधमाशीसारख्या दिसतात, तिथे फसगत होते. मधमाशीचे पंख चार.

मग १० पट भिंगाने डोकं पाहा. नीलवंताची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, फक्त द्रव शोषणारी. रॉबर माशीची आखूड, ताठ. ती सावजात खुपसून लाळ सोडते, सावज लुळं पडतं, आतला भाग विरघळतो. दोन डोळ्यांमधला खोलगटपणा आणि तोंडावरची राठ मिशी ही तिची पक्की खूण. हातात धरू नका, कडकडून चावते.

सावली अंगावर पडली की दोन्ही उडतात, म्हणून सूर्य समोर ठेवून सरका.